बाटलीत काय होते? तात्यांची बाग आणि वेगळे करून ओळखण्याची विद्या



या पानावर आम्ही एरवी लागणीचे अंतर, बेणेप्रक्रिया, खोडव्यातले पाचट असले विषय घेऊन येतो. आज जरा वाट सोडून लिहीत आहोत. कारण आपल्याच सोनारी गटात घडलेला एक प्रकार. त्या सभासदांचे नाव देत नाही. आम्ही त्यांना तात्या म्हणतो, इथेही तेवढेच म्हणू.

तात्यांचा ऊस आपल्या कारखान्याला येतो आणि विहिरीलगत दीड एकर द्राक्षबाग आहे. दोन हंगामांपूर्वी बाग झक्क आली होती. निर्यातीचा माल घेणाऱ्या व्यापाऱ्याशी बोलणी झाली, दर ठरला, आणि काढणीआधी नियमाप्रमाणे घडांचा नमुना तपासणीला गेला. चार दिवसांनी अहवाल आला, त्यात सीसीसी मर्यादेच्या वर. व्यापाऱ्याने फोन उचलणे बंद केले. माल स्थानिक बाजारात मिळेल त्या भावाने गेला.

तात्या आमच्याकडे आले. वास्तविक द्राक्ष हा आमचा विषय नव्हे, आम्ही उसाची माणसे. पण शेतकरी एकच असतो, त्याचे रान काही खात्यांनुसार वाटलेले नसते. म्हणाले, "सायेब, म्या सीसीसीचा थेंबबी मारला न्हाई." आम्ही मनात म्हटले, सगळे असेच म्हणतात. तोंडानेही जवळपास तसेच बोललो. तात्या काही न बोलता निघून गेले, आणि दुसऱ्या दिवशी फवारणीची वही व रिकाम्या बाटल्यांनी भरलेले पोते घेऊन परत आले. त्या वेळी त्यांनी विचारलेला प्रश्न असा: "एवढ्या रसात एवढंसं औषध त्या मशीनला दिसतं तरी कसं? मशीनबी चुकत आसंल की."

प्रश्न रास्त होता. आम्हाला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. नंतर वाचून, विचारून जे समजले ते येथे मांडत आहोत.

सुरुवात आपल्या घरच्या गोष्टीपासून करू. गट कार्यालयात येऊन "माझ्या उसाला २१ ब्रिक्स होता, मग उतारा का पडला?" असे भांडणारे सभासद दर हंगामात भेटतात. ब्रिक्स म्हणजे साखर नव्हे. २१ ब्रिक्स याचा अर्थ शंभर ग्रॅम रसात साधारण २१ ग्रॅम काहीतरी विरघळलेले आहे. त्यात साखर आली, ग्लुकोज-फ्रुक्टोज आले, क्षार आले, बाकीही बरेच आले. हातातला रिफ्रॅक्टोमीटर या सगळ्यांना एकाच गाठोड्यात बांधून आकडा सांगतो. लॅबमधले पोलॅरिमीटर त्याहून हुशार, ते रसातून जाणारा प्रकाश किती वळतो ते पाहते. पण तिथेही गोंधळ आहेच. साखर प्रकाशाला उजवीकडे वळवते, ग्लुकोजही उजवीकडे, फ्रुक्टोज मात्र डावीकडे. तोडलेला ऊस फडात दोन-चार दिवस पडून राहिला की जंतू त्यात डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार करतात, आणि तो प्रकाशाला साखरेपेक्षाही जास्त जोरात उजवीकडे वळवतो. म्हणजे ऊस शिळा झालेला, पण यंत्राला साखर जास्त असल्याचा भास. तेव्हा एकत्र मिसळलेल्या मालावर कितीही चांगले यंत्र लावले तरी ते फसू शकते. आधी वेगळे करावे लागते, मग ओळखावे लागते.

वेगळे करण्याची विद्या प्रथम एका वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाती लागली. मिखाईल त्स्वेट हा रशियन माणूस वॉर्सा येथे पानांच्या रंगद्रव्यांवर काम करीत होता. १९०३ च्या सुमारास त्याने काचेच्या नळीत खडूची पूड भरली, वरून हिरव्या पानांचा अर्क ओतला आणि मागोमाग द्रावक सोडत राहिला. हिरवा अर्क खाली उतरताना त्याचे पट्टे पडले: पिवळा वेगळा, हिरवा वेगळा, हिरव्यातही दोन प्रकार. त्याने या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी म्हणजे रंगलेखन असे नाव दिले. आज बिनरंगाचे पदार्थही असेच वेगळे करतात, पण नाव तेच राहिले.

पट्टे का पडतात? आपल्या काळभैरवनाथाची चैत्रातली यात्रा डोळ्यांपुढे आणा. शंभर माणसे एकाच वेळी दुकानांच्या रांगेत शिरली. गर्दीचा लोंढा सर्वांना पुढे नेतोच आहे. ज्याला काही घ्यायचे नाही तो सरळ चालत पुढे निघतो. ज्याच्याबरोबर पोरेबाळे आहेत तो खेळण्यांपाशी थांबतो, बांगड्यांपाशी थांबतो, भेळेपाशी थांबतो. आणि ज्याच्या हातात केळी आहेत त्याला सोनारीची माकडेच पुढे जाऊ देत नाहीत. शेवटच्या टोकाला उभे राहून पाहिले तर आधी एकटे गडी, मग जोडपी, मग लेकुरवाळे, सगळ्यात शेवटी केळीवाले, असे घोळके सुटे होऊन येतात. आत शिरताना मात्र सगळे एकत्र होते. नळीतली पूड म्हणजे ती दुकाने, वाहते द्रावक म्हणजे तो लोंढा. प्रत्येक पदार्थ पुडीला आपापल्या स्वभावाप्रमाणे कमीअधिक चिकटतो, म्हणून आपापल्या वेळी बाहेर पडतो.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण ती थेट आपल्या उसाची आहे. ऊस उन्हातून इतर पिकांपेक्षा जास्त ऐवज कसा कमावतो, हे कोडे याच विद्येने सुटले. हवाईमधील ऊस बागायतदारांच्या संघाच्या प्रयोगशाळेत कॉर्टशाक, हार्ट आणि बर यांनी उसाच्या पानाला किरणोत्सारी कार्बन दिला आणि काही सेकंदांत तो कुठे गेला ते पदार्थ वेगळे करून पाहिले. इतर पिकांत तो आधी तीन कार्बनच्या आम्लात सापडतो, उसात चार कार्बनच्या आम्लांत सापडला. हे त्यांनी १९६५ साली प्रसिद्ध केले. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला एका साखर कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ पासून त्याचा सगळा मार्ग उलगडला. आज कृषी महाविद्यालयात मुले सी-४ पिके म्हणून जे शिकतात ते हेच. शोध साखर धंद्याच्या पैशातून लागला, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगायला हरकत नाही.

असो, तात्यांच्या द्राक्षांकडे वळू.

घोळके सुटे झाले, पण टोकाला उभ्या असलेल्याने माणूस ओळखायचा कसा? केवळ "अमुक वेळी आला" म्हणून? दोघे एकाच वेळी येऊ शकतात. म्हणून टोकाला वजनकाटा ठेवतात. हाच तो मास स्पेक्ट्रोमीटर. आपल्या काट्यावर उसाची गाडी मोजतात, इथे एकेक रेणू मोजला जातो. रेणूला विजेचा भार द्यायचा, हवा काढून घेतलेल्या पोकळीत सोडायचे आणि विद्युतक्षेत्रात तो कसा वळतो यावरून त्याचे वजन काढायचे. द्रवातला रेणू न मोडता असा उडवायचा कसा, हीच मोठी अडचण होती. सुईच्या टोकाला उच्च दाबाची वीज देऊन द्रवाचे अतिसूक्ष्म तुषार करण्याची युक्ती जॉन फेन यांनी मोठ्या रेणूंना लागू करून दाखवली. त्याबद्दल २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला.

सीसीसी म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड. पाण्यात त्याचा मूळ भारित कण सुटा होतो आणि काट्यावर त्याचे वजन १२२ भरते. पण १२२ वजनाचे दुसरेही कुणी असेल की! म्हणून यंत्र तिथे थांबत नाही. ते १२२ चे सगळे कण बाजूला काढून त्यांना वायूच्या कणांवर आपटते आणि तुकड्यांचे पुन्हा वजन करते. सीसीसी फुटला की ५८ आणि ६३ वजनाचे तुकडे मिळतात. आणखी एक खूण आहे. क्लोरीनचे अणू निसर्गात दोन वजनांचे असतात, ३५ आणि ३७, साधारण तिनास एक या प्रमाणात. त्यामुळे १२२ च्या शेजारी १२४ चा धाकटा भाऊ दिसलाच पाहिजे, आणि तोही सुमारे तिसऱ्या हिश्शाने. वेळ जुळली, वजन जुळले, तुकडे जुळले, भाऊ जुळला, तर मग माणूस तोच. तात्यांना आम्ही हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मंजी पंचनामाच की ओ." अगदी तसेच.

आणि किती बारीक? सीसीसीसाठी युरोपने द्राक्षाला २०१० साली लावलेली मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. हिशेब करून पाहा. दहा-दहा टनांचे दोन ट्रक द्राक्षे, आणि त्या सगळ्या मालात मिळून एक ग्रॅम. तेवढेही हे यंत्र पकडते.

२०१० हे साल मुद्दाम लिहिले. द्राक्षवाल्यांच्या ते अजून तोंडात आहे. त्या हंगामात महाराष्ट्रातली द्राक्षे युरोपात पोहोचली आणि तिथल्या तपासणीत सीसीसी सापडले. माल अडकला, परत फिरवला गेला, भाव कोसळला. बागायतदारांनी काही चोरून केले नव्हते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर शेंडावाढ रोखावी आणि काडीत घडाचे डोळे धरावेत म्हणून सीसीसी मारण्याची पद्धतच होती. फवारणी उन्हाळ्यात, फळ पुढच्या फेब्रुवारी-मार्चला. मध्ये इतके महिने गेल्यावर काय राहणार, असा सगळ्यांचा समज. पण हे द्रव्य वेलीत टिकते आणि घडात उतरते. बरे, माल जाताना इथे तपासला नव्हता का? तपासला होता. २००३ साली कीटकनाशकांच्या अवशेषांवरून तक्रारी आल्यावर आपल्याकडे तपासणीची व्यवस्था उभी राहिली होती. पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात संदर्भ प्रयोगशाळा होती, अपेडाची ग्रेपनेट नोंदणी होती. (मांजरी म्हटले की आपल्याला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटच आठवते, पण द्राक्षवाल्यांची पंढरीही तिथेच आहे.) गोम अशी, की तपासायच्या द्रव्यांच्या यादीत सीसीसी नव्हते.

आणि एका झटक्यात शेकडो औषधे शोधण्याच्या नेहमीच्या पद्धतीत ते आपोआप सापडतही नाही. त्या पद्धतीत द्राक्षाचा लगदा करून इथाइल ॲसिटेटसारख्या द्रावकात औषधे ओढून घेतात. सीसीसी हा मिठासारखा भारित पदार्थ. तो पाणी सोडून त्या द्रावकात येतच नाही. वाफही होत नाही, म्हणून वायूच्या यंत्रातही जात नाही. त्याच्यासाठी मिथेनॉलचा वेगळा अर्क, वेगळी नळी, वेगळी तपासणी लागते. पुढे सीसीसी यादीत आले, आता ते तपासले जाते. यंत्राची नजर घारीची असते खरी, पण तिला कुठे पाहायचे ते माणसाने सांगावे लागते. मधाच्या बाबतीत हेच झाले. उसाच्या साखरेच्या कार्बनमध्ये जड कार्बनचे प्रमाण फुलांच्या मधापेक्षा थोडे जास्त असते. त्या सी-४ मुळेच हे घडते. म्हणून मधात उसाची साखर घातली तर वजनकाटा ती ओळखतो. भेसळ करणाऱ्यांनी भातासारख्या पिकाची साखर वापरायला सुरुवात केली. भात सी-४ नाही, त्यामुळे ती खूण गेली. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने डिसेंबर २०२० मध्ये हेच चव्हाट्यावर आणले. नेहमीच्या तपासण्या पास झालेले बरेच नमुने जर्मनीत वेगळ्या पद्धतीने तपासल्यावर नापास ठरले.

आता भारित पदार्थांवरून निघालेच आहे तर या विद्येच्या एका नव्या फांदीविषयी थोडे. तिला कॅपिलरी इलेक्ट्रोक्रोमॅटोग्राफी म्हणतात. नाव मोठे, नळी बारीक. सिलिकाची नळी, आतली पोकळी ५० ते १०० मायक्रॉन, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसाएवढी. त्यात सुमारे तीन मायक्रॉनच्या कणांची पूड भरलेली. इतक्या बारीक नळीतून द्रव ढकलायचा म्हणजे पंपाला मरणाचा दाब लागतो. म्हणून इथे ढकलतच नाहीत, दोन टोकांना वीज लावतात. किती? दहा ते तीस हजार व्होल्ट. आपल्या रानावरून गेलेली लाईन ११ हजारांची असते, यावरून कल्पना यावी. प्रवाह मात्र इतका क्षीण, की त्यावर बल्बसुद्धा लागायचा नाही. सिलिकाच्या भिंतीवर ऋण भार असतो, तिला लगटून पाण्यात धन भाराचा पातळ पदर असतो. वीज लागली की तो पदर ऋण टोकाकडे सरकतो आणि आपल्याबरोबर सगळा द्रव ओढून नेतो. विजेने चिकणमातीतून पाणी सरकते हे रॉयस याने मॉस्कोत दाखवून १८०९ साली प्रसिद्ध केले होते. ते नळीत वापरायची कल्पना दक्षिण आफ्रिकेच्या प्रिटोरियस आणि सहकाऱ्यांनी १९७४ साली मांडली.

याचा फायदा दारे धरणाऱ्याला लगेच समजेल. पाटात पाणी सोडले की मध्यभागी ते धावते आणि कडेला गवतात रेंगाळते. म्हणून पाण्याचे तोंड कधी सरळ नसते, मधे टोक निघते. पंपाने ढकललेल्या द्रवाचेही तसेच. त्यामुळे सुटे झालेले पट्टे वाटेत पसरतात, एकमेकांत मिसळतात. विजेने ओढलेला द्रव मात्र भिंतीपासूनच ओढला जातो, म्हणून त्याचे तोंड फळी मारल्यासारखे सपाट राहते. पट्टे रेखीव येतात. शिवाय सीसीसीसारख्या भारित पदार्थावर दुहेरी काम होते. पुडीला तो किती चिकटतो हे एक, आणि वीज त्याला स्वतःला किती जोरात ओढते हे दुसरे. नळीतून मिनिटाला येणारा द्रव इतका थोडा, की फेन यांच्या तुषाराच्या सुईला तो छान जमतो. म्हणजे नळी आणि काटा यांची जोडी बसते.

मग सगळीकडे हीच का वापरत नाहीत? कारण विहिरीवरच्या मोटारीसारखीच हिचीही खोड आहे. नळी तापते, आत बुडबुडा धरतो आणि प्रवाह तुटतो. पूड अडवून ठेवणाऱ्या बारीक गाळण्या बिघडतात. नळी बदलली की आकडे थोडे बदलतात. रोज शेकडो नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेला असला नाजूकपणा परवडत नाही. म्हणून रोजच्या तपासणीत पंपाची नळी आणि दुहेरी वजनकाटा हीच जोडी चालते, आणि विजेची नळी मुख्यतः संशोधनाच्या प्रयोगशाळांत राहिली आहे. आमच्या मते आज तरी ते ठीकच आहे. शेतकऱ्याचा माल ज्या आकड्यावर अडतो तो आकडा दोनदा तपासला तरी सारखाच आला पाहिजे.

आता ते पोते. तात्यांच्या वहीत खरोखरच सीसीसी नव्हते. एकेका बाटलीचे लेबल वाचत गेलो. बुरशीनाशके, गंधक, सगळे नोंदीप्रमाणे. शेवटी एक हिरवी बाटली निघाली, समुद्री शेवाळाचा अर्क म्हणून विकलेली. खरड छाटणीनंतर दोनदा मारली होती. "पेरं आखूड येतात, काडी भरती," असे दुकानदाराने सांगितले होते. पेरे आखूड येतात म्हटल्यावर आमच्या मनात पाल चुकचुकली. तळाशी थोडे उरले होते. ते सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवले आणि सीसीसीच शोधा असे मुद्दाम लिहून दिले. अहवाल आला: १२२, ५८, ६३, सगळे जागेवर. मशीन चुकले नव्हते, तात्याही खोटे बोलले नव्हते. चूक आमच्या संशयाची होती, आणि ती त्यांच्या घरी जाऊन कबूल केली.

नुकसान भरून निघाले का? नाही. पक्की पावती नव्हती, दुकानदाराने हात वर केले. शिवाय भीती अशी, की एकदा शिरलेले हे द्रव्य लगेच जात नाही. युरोपात नासपतीच्या बागांत फवारणी थांबवल्यावरही पुढच्या वर्षीच्या फळांत ते सापडत राहिले होते. म्हणून गेल्या हंगामात तात्यांनी काढणीच्या बरेच आधी स्वखर्चाने नमुना पाठवला. बागेच्या चारी कोपऱ्यांतून आणि मधून घड घेतले, नुसते रस्त्याकडचे नव्हे. आकडा मर्यादेच्या खाली आला. कागद दाखवायला ते गट कार्यालयात आले होते.

"मंजी अजून हाय त्यात?"

"आहे, तात्या. पण चालेल इतके."

ते थोडा वेळ कागदाकडे पाहत राहिले आणि मग उसाच्या नोंदीचे बोलू लागले.

ज्या सभासदांच्या बागा आहेत त्यांनी खरड छाटणीआधी घरातल्या टॉनिकच्या बाटल्या आणि पावत्या घेऊन एकदा गट कार्यालयात यावे. निर्माता, परवाना क्रमांक, घटक आणि बॅच यांतले काही नसेल तर ती बाटली वेलीवर जाऊ नये. जी मारली तिच्यातले घोटभर, तारीख लिहून, हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावे. तात्यांची हिरवी बाटली आमच्या कपाटात आहे. कोणालाही हातात घेऊन लेबल वाचता येईल. त्यावर शेवाळ आहे, जीवनसत्त्वे आहेत, समुद्राचे चित्रसुद्धा आहे. सीसीसी कुठेही लिहिलेले नाही.